मोठ्या आज्यांनी पाहिलेला साहेब

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या सिहोऱ्यात इंग्रज साहेब कधी राहिला नाही. तो राहिला तुमसरच्या पलीकडे, गोबरवाहीच्या अंगाला, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खदानींवर. तरी साहेबाच्या गोष्टी आमच्याकडे घरोघरी ऐकायला मिळत. धानाची कापणी-चुरणी उरकली की बांधीत काम उरत नसे. मग रोवणीपर्यंतचे महिने पोट भरायला माणसं खदानीची वाट धरत. कुणी दगड फोडायला जाई, कुणी टोपली वाहायला, कुणी ठेकेदाराची बैलबंडी हाकायला. आमच्या घरातलं एक माणूस मात्र थेट साहेबाच्या बंगल्यावर लागलं. माझ्या आजाचे थोरले भाऊ. आम्ही त्यांना मोठे आजे म्हणायचो.

त्यांना साल सांगता येत नसे. ‘लढाईच्या आधी’, ‘पटकीच्या वर्षी’, ‘तुमसरचा पूर आला तवा’ अशी त्यांची कालगणना. पण बंगल्यातला दिवस ते घड्याळाच्या काट्यागत सांगत. रात्रीच्या चौथ्या प्रहरी चूल पेटवायची. उजाडायच्या आत साहेबाला ‘छोटी हाजरी’, म्हणजे चहा आणि भाजलेल्या पावाचा तुकडा. मग साहेब घोड्यावरून खदानीत. नऊच्या सुमाराला परत येऊन आंघोळ आणि मोठी हाजरी. दुपारी टिफिन. तिसऱ्या प्रहरी कागदपत्रं, संध्याकाळी बाग किंवा बंदूक आणि रात्री कोट घालून जेवण. एकटाच असला तरी कोट घालून, हे मोठे आजे दरवेळी आवर्जून सांगत. मेजावर एकच ताट, एकच दिवा, मागं उभा असलेला बेअरा आणि भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला माणूस. “साहेब बी मानूसच होता गा,” ते म्हणत. “उन्हानं त्याचा जीव कासावीस होये. पन कोट नाई काढे.”

भंडाऱ्याचा मे महिना ज्यांनी सोसलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दारांना वाळ्याचे पडदे टांगायचे आणि दिवसभर त्यांवर पाणी मारत राहायचं, हे एका माणसाचं काम. छताला टांगलेला कापडी पंखा दोरीनं ओढायचा, हे दुसऱ्याचं. रात्री पंखेवाला पडवीत आडवा पडून पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून ओढत राही. त्याला डुलकी लागली की आतून हाक येई. पिण्याचं पाणी आधी उकळायचं, मग एकावर एक ठेवलेल्या तीन घागरींतून झिरपवायचं, एका घागरीत कोळसा, एकीत रेती. मच्छरदाणी सूर्यास्ताच्या आत सोडायची. हिवतापाची धास्ती एवढी की क्विनाइनची बाटली मिठाच्या शेजारीच ठेवलेली असे.

पावाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण ती त्यांनी नुसती सांगितली नाही, करून दाखवली. खानसामा कामठीचा. १८२१ मध्ये इंग्रजांची छावणी बसल्यापासून साहेबी स्वयंपाक जाणणारी माणसं त्या गावात पिढ्यान् पिढ्या तयार होत होती. खदानीजवळ बेकरी कुठली! पाव घरीच करावा लागे. खमिरासाठी पहाटेची ताजी शिंदी आणायची, ती कणकेत घालून मळायची, ओल्या फडक्याखाली ठेवून फुगू द्यायची. भट्टी म्हणजे रॉकेलचा रिकामा डबा. तो आडवा करून तीन दगडांवर ठेवायचा, आत रेतीचा थर, त्यावर कणकेचा गोळा, तोंडावर पत्रा, खाली निखारे आणि वरही निखारे. किती निखारे वर आणि किती खाली, यातच सगळी कला. खालचे जास्त झाले तर बूड जळे आणि वरचे कमी पडले तर माथा पांढरा राही. मोठे आजे हाताची पाठ डब्याजवळ नेऊन आच ओळखत. म्हातारपणी त्यांनी अंगणात आम्हा पोरांसाठी असा पाव एकदा भाजला. बाहेरचं कवच टणक होतं, आत आंबूस वास होता. आम्ही तो दुधात बुडवून खाल्ला.

अंगणात, कारण आजीनं तो डबा घरात येऊ दिला नाही. त्यात शिंदी होती, आणि साहेबाच्या चुलीची ती विद्या होती. मोठे आजे बंगल्यावरून सुट्टीला घरी येत तेव्हाही त्यांना आधी विहिरीवर आंघोळ करावी लागे, कपडे बाहेर ठेवावे लागत, मगच उंबरठ्याच्या आत. पंधरा दिवस ज्यांनी साहेबाच्या ताटासमोर उभं राहून काढले, त्यांना स्वतःच्या घरी ओसरीवर वेगळं पान मांडलेलं मिळे. तिकडे बंगल्यात ते मागच्या दारानं आत जात, इकडे घरीही मागच्याच दारानं. ते याबद्दल कडवट बोलत नसत. पण मला त्यांच्या सगळ्या गोष्टींत हीच सगळ्यांत दुःखाची वाटते. साहेबाच्या राज्यात आपल्या माणसाचा अपमान कसा झाला हे आपण पुष्कळ लिहिलं आहे. त्या माणसाला आपल्याच दारात काय सोसावं लागलं तेही त्याच दमात सांगायला हवं.

साहेब इथं आला कसा, हे मोठ्या आज्यांना ठाऊक नव्हतं. ते मी पुढं वाचून जुळवलं. १८९६ मध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झालं. त्याचीच पुढं ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी’ झाली. शतक संपता संपता नागपूर जिल्ह्यात मनसरकडे मँगनीज निघू लागलं आणि तिथून काम भंडारा, बालाघाटकडे सरकलं. आता या सालांशेजारी दुसरी सालं ठेवून पाहा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ही मध्य प्रांतातल्या दोन भीषण दुष्काळांची वर्षं. दुसऱ्या दुष्काळाला आमच्याकडची म्हातारी माणसं ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणत, विक्रम संवत १९५६ वरून. धान करपलं, गुरं गेली, लोकांनी मोहफुलं आणि कंदमुळं खाऊन दिवस काढले. अशा भुकेल्या मुलखात खदानी उघडल्या. माझ्या मते त्या दगडाइतकंच ही भूकही साहेबाच्या भांडवलाचा भाग होती.

दगड हलवायला मग लोखंडी रस्ता आला. हावडा-मुंबई मार्गावरच्या तुमसर रोडपासून फाटा निघाला तो तुमसर टाउन, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत तिरोडीपर्यंत. हे लोखंड आमच्या प्रवासासाठी घातलेलं नव्हतं, दगडासाठी होतं. माणसं नंतर त्यात बसली. पोलाद ओतताना त्यातला प्राणवायू आणि गंधक काढून टाकायला मँगनीज लागतं, आणि ते जास्त घातलं तर पोलाद घासून झिजत नाही, उलट मार खाऊन अधिक कठीण होतं. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये असं पोलाद बनवलं. १९०५ च्या क्रांतीच्या धामधुमीत रशियाच्या कॉकेशसमधल्या खाणींचा पुरवठा विस्कळीत झाला, मँगनीजचा भाव चढला, आणि १९०७ मध्ये भारतातून नऊ लाख टनांच्या आसपास मँगनीज निघालं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावर जी पसरट लोखंडी टोपी आली ती हॅडफिल्डच्याच मँगनीज पोलादाची. ब्रिटनला तेव्हा मँगनीज पुरवण्यात भारताचा वाटा फार मोठा होता. फ्रान्सच्या खंदकात कुणाची कवटी वाचली असेल तर त्यात या बाजूच्या कुणा बाईच्या डोक्यावरच्या टोपलीचा वाटा असू शकतो, एवढं मी नक्की म्हणेन.

या दगडांचा सगळ्यांत मोठा अभ्यासक लुईस ली फर्मोर. १८८० मध्ये लंडनला जन्मलेला हा माणूस १९०२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आला आणि मध्य प्रांतातल्या मँगनीजच्या टेकड्या पायाखाली घालत फिरला. १९०९ मध्ये त्यानं भारतातल्या मँगनीज साठ्यांवर हजारावर पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आपल्या भंडाऱ्याच्या खदानीही आहेत. इथल्या एका खडकाला त्यानं ‘गोंडाइट’ नाव दिलं, गोंडांच्या नावावरून. ‘हॉलंडाइट’ हे नाव त्याचा वरिष्ठ थॉमस हॉलंड याच्यासाठी, ‘ब्लॅनफर्डाइट’ भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांच्यासाठी. खुद्द त्याच्या नावानं ‘फर्मोराइट’ झालं, छिंदवाड्याच्या सीतापारहून. जमातीचं नाव एका खडकाला मिळालं, साहेबांची नावं एकेका खनिजाला मिळाली. ज्यांनी तो खडक पहाटेपासून सब्बलीनं उकरला त्या एकाही माणसाचं स्वतःचं नाव कशाला मिळालं नाही. फर्मोरचा अभ्यास थोर आहे, आणि हे वरचं वाक्यही तितकंच खरं आहे.

याच फर्मोरच्या घरची हकीकत वाचताना मला मोठ्या आज्यांची एक गोष्ट आठवते. त्यांच्या साहेबाला एक मुलगा होता. हिवाळ्यात मडमेबरोबर तो बंगल्यावर यायचा, उन्हाळा लागायच्या आत दोघं पचमढीला जायची. सातपुड्याच्या माथ्यावरचं ते ठिकाण मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी होतं. मुलगा सहासात वर्षांचा झाला तेव्हा त्याला विलायतेला धाडलं. मोठ्या आज्यांनी त्याला मातीचे बैल करून दिले होते, पोळ्याचे. ते बैल मुलाबरोबर गेले नाहीत, सामानात मावले नाहीत म्हणून. मडम कितीतरी दिवस ते बैल मेजावर ठेवून होती. विलायती टपाल आठवड्यातून एकदा येई. त्या दिवशी साहेब खदानीतून लवकर परते आणि पत्र हाती आलं की बंगल्यात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

फर्मोरच्या घरीही असंच झालं. १९१५ मध्ये लंडनला त्यांना मुलगा झाला, पॅट्रिक. आई मोठ्या मुलीला घेऊन भारतात नवऱ्याकडे परतली आणि तान्ह्या पॅट्रिकला नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या एका कुटुंबाकडे ठेवलं. चौथ्या वर्षापर्यंत तो तिथंच वाढला. पुढं बापलेकांची भेट फार क्वचित झाली. हाच मुलगा १९३३ च्या डिसेंबरात, अठराव्या वर्षी, हॉलंडहून चालत निघाला तो इस्तंबूलपर्यंत गेला. १९४४ मध्ये क्रीट बेटावर त्यानं साथीदारांसह जर्मन सेनापतीला पळवून नेलं आणि नंतर इंग्रजीतला नामांकित प्रवासलेखक झाला. बापाला आमच्या टेकड्यांतला दगड न् दगड ओळखीचा होता, आणि स्वतःचा मुलगा जवळपास अनोळखी. परदेशी पोटासाठी गेलेल्या माणसाला हे मोल कुठंही मोजावं लागतं. आज दुबईत गेलेला आमचा तुमसरचा पोरगा व्हिडिओ कॉलवर लेकराचं तोंड पाहतो. त्यानं ही गोष्ट वाचली तर त्याला ती परकी वाटणार नाही.

खाणीवरचा साहेब फक्त इथंच नव्हता. मँगनीजच्या बाजारात कॉकेशसखेरीज भारताचा आणखी एक प्रतिस्पर्धी होता, ब्राझील. तिथल्या मिनास जेराइस प्रांतात मँगनीज निघे. त्याच प्रांतात त्याहून कितीतरी आधी इंग्रज सोन्यासाठी पोचले होते. मोरो व्हेल्योची खाण १८३४ पासून एका ब्रिटिश कंपनीकडे होती. तिथं १८६७ मध्ये पाहुणा म्हणून गेला रिचर्ड बर्टन, तेव्हाचा सांतोस बंदरातला ब्रिटिश वाणिज्यदूत. हा बर्टन तरुणपणी मुंबईच्या फौजेत होता आणि मराठी शिकलेला होता. मराठी येणारा माणूस ब्राझीलच्या डोंगरात इंग्रज खाणमालकांच्या बंगल्यात जेवायला बसलाय, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. तिथं त्यानं गुलामांना रांगेत उभं करून घेतलेली हजेरीही पाहिली आणि लिहून ठेवली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ मध्ये उठली. त्याआधी कित्येक वर्षं इंग्रजांच्या त्या खाणीत गुलामांचे हात राबत होते, स्वतः ब्रिटननं आपल्या वसाहतींतली गुलामगिरी कधीच बंद केलेली असतानाही.

तिथल्या साहेबांचा दिवसही इथल्यासारखाच होता. विलायती टपालाची वाट, नाताळाचा केक, मुलांच्या शिक्षणाची काळजी, हवेची तक्रार. फरक पुढं पडला. खाणीभोवती वाढलेल्या नोव्हा लिमा गावात तो सुक्या मेव्याचा केक घरोघरी शिरला आणि आज तो गावाचाच पदार्थ म्हणून ओळखला जातो. १९०८ मध्ये खाणीच्या माणसांनी काढलेला व्हिला नोव्हा हा फुटबॉल संघ अजून खेळतो. आमच्याकडे मोठ्या आज्यांचा पाव अंगणातून आत गेला नाही. त्यांच्यानंतर तो डबा गंजला आणि ती विद्याही संपली. नाताळात ठेकेदार बंगल्यावर फळांची डाली पाठवत, बंगल्यातून केकचे तुकडे बाहेर येत, ते घरी नेण्याची चोरी होती. वाटेतच पोरांना वाटून टाकावे लागत. भेद पाळणाऱ्या समाजाचं किती नुकसान होतं ते अशा लहान वस्तूंत दिसतं.

आजीच्या गोष्टींत बंगला नव्हता. ती लग्नाआधी आपल्या आईबरोबर एका खदानीत टोपली वाहायला जाई. मँगनीज फार जड. कोळशाची टोपली भरून वाहता येते, याची अर्धीच भरली तरी मान दुखू लागते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, खड्ड्यातून वर यायला लाकडी फळ्यांची किंवा खोदलेली पायवाट. वर आल्यावर दगड हातोडीनं फोडून चांगला-वाईट वेगळा करायचा. चांगला निळसर काळा, चकाकणारा, वाईट तांबूस, पांढऱ्या रेघांचा. मग चांगल्याचे चौकोनी ढीग रचायचे. ढिगाच्या मापावर पैसे. रचण मुकादमाला सैल वाटली तर ढीग पुन्हा रचायला लावी, आणि त्या दिवशीची मजुरी दुसऱ्या दिवसावर जाई. आजीच्या तळहाताच्या रेषांत काळेपणा शेवटपर्यंत होता. आम्हाला लहानपणी तो गोंदणाचा वाटायचा.

तिनं साहेब एकदाच जवळून पाहिला. साहेबाबरोबर मडम खदान पाहायला आली होती आणि तिनं बायकांना टोपल्यांसकट रांगेत उभं करून फोटो काढला. आजी रांगेत शेवटी होती, सगळ्यांत लहान म्हणून. “मले पाहाचा होता तो फोटू,” ती म्हणे. “मी कशी दिसत होती ते मी कधी पायलंच नाई.” तिच्या लहानपणाचा दुसरा फोटो नाही. तो एक असेल तर विलायतेतल्या कुठल्या तरी पेटीत, कुणाच्या तरी पणतवंडांकडे, आणि त्याखाली तिचं नाव असण्याची शक्यता नाही.

केंब्रिजच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रानं १९६० च्या दशकापासून भारतात राहिलेल्या इंग्रज कुटुंबांची पत्रं, रोजनिशा, फोटो आणि घरगुती चित्रफिती गोळा केल्या आहेत. मडमेनं सकाळी खानसाम्याला काय सांगितलं, बागेत कुठली फुलं लावली, पाव कसा बिघडला, हे सगळं अशा संग्रहात जपलेलं असतं, अभ्यासकांना पाहता येतं. ते जपलं हे चांगलंच केलं. पण पाव बिघडला तेव्हा डब्यावर निखारे ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं, ते जपणारं असं एकही ठिकाण मला ठाऊक नाही.

राज्य बदललं, सीमा बदलल्या. १९५६ मध्ये भंडारा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. डोंगरी बुजुर्ग अलीकडे राहिलं, तिरोडी पलीकडे गेलं, खडकाची पट्टी जमिनीखाली एकच. १९६२ मध्ये भारत सरकारनं कंपनीशी करार करून ‘मँगनीज ओर इंडिया लिमिटेड’ काढली, ५१ टक्के भाग केंद्र आणि दोन्ही राज्यांचे, ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीचे. १९७७ मध्ये तेही घेतले आणि कंपनी पूर्ण सरकारी झाली. तीच आजची मॉयल. चिखल्याची खदान जमिनीखाली चालते, डोंगरी बुजुर्गची उघड्यावर, आणि डोंगरीचं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्ये जातं. आमच्याकडच्या पोरांना तिथली नोकरी मिळाली तर घरात पेढे वाटतात. आजीच्या काळी खदानीत जाणं ही नाइलाजाची गोष्ट होती, आज ती अभिमानाची आहे, आणि या बदलामागं कामगारांच्या लढ्याचा आणि कायद्यांचा मोठा हात आहे.

मोठे आजे गेले, आजीही गेली. त्यांच्या पिढीतली बंगला पाहिलेली, टोपली वाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. म्हणून सिहोरा, बपेरा, चांदपूर, गोबरवाही, तुमसर आणि नदीपलीकडच्या गावांतल्या वाचकांना माझं हात जोडून सांगणं आहे. तुमच्या घरात खदानीची किंवा बंगल्याची गोष्ट सांगणारं कुणी असेल तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर आवाज भरून घ्या आणि वहीत उतरवून ठेवा. साल आठवलं नाही तरी चालेल. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, काम आणि मजुरी, एवढं लिहिलंत तरी पुरे. बायकांची नावं आधी लिहा, कारण ती सगळ्यांत लवकर विसरली जातात. ती वही गावच्या वाचनालयात ठेवा, आणि तिची एक प्रत शाळेत द्या.